पुलाखालचा दिवस

सकाळी सहा. मे महिन्यात पूल पाहायचे तर ऊन चढायच्या आत नदीत उतरावं लागतं. कोकणातल्या आमच्या उपविभागातले पूल आणि मोऱ्या यांची मान्सूनपूर्व पाहणी याच दिवसांत पुरी करायची असते. मुकादम आणि मैलकुली कोयते, शिडी, दोर घेऊन माझ्या आधीच पोचलेले असतात.

साडेसहा. पहिला पूल दगडी कमानींचा, चुन्यात बांधलेला. सांध्यांतून पिंपळ उगवलाय. वरवर छाटलेला पिंपळ पावसात जोमानं पुन्हा फुटतो आणि त्याची मुळं दगड सैल करतात. म्हणून मूळ खणून काढायचं आणि सांधा भरून घ्यायचा. याला वेळ लागतो, तो मी देतो.

मग पाया. पुराच्या वेगानं खांबाभोवतीची वाळू वाहून जाते, खोल खड्डा पडतो. पूर ओसरताना तोच खड्डा गाळानं भरून येतो. मे महिन्यात कोरड्या पात्रात उभं राहणाऱ्याला दिसते ती सपाट वाळू. पाया उघडा पडतो तेव्हा खाली उतरून पाहणं कुणालाच शक्य नसतं. महाडजवळचा सावित्रीवरचा पूल १९२८ सालचा होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री, नदीला पूर असताना तो कोसळला. दोन एसटी बस आणि इतर वाहनं माणसांसकट नदीत गेली. त्यानंतर ‘डोळ्यांना ठीक दिसतो’ एवढाच शेरा लिहायला माझा हात धजत नाही. जुन्या पुलाच्या पायाशी पुरात खोली मोजणारं उपकरण बसवलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

साडेनऊ. ओहोटी लागली, आता खाडीवरचा पूल. काँक्रीटचा, पन्नाशीही न गाठलेला. लोकांना हा धडधाकट वाटतो. मला दगडी पुलापेक्षा याचीच काळजी जास्त. खाऱ्या हवेतले क्षार काँक्रीटमध्ये झिरपतात, सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे वरचं आवरण तडकतं आणि पोपडे पडतात. गर्डरच्या बुडाशी हातोडीनं ठोकत जायचं. मुकादमाचा कान माझ्यापेक्षा तयार आहे. “साहेब, इथं बद्द वाजतंय,” तो म्हणतो, आणि मी खडूनं गोल करतो. वर एक मैलकुली निचऱ्याच्या पाइपातली माती सळीनं मोकळी करतोय. पुलावरचं सगळ्यांत स्वस्त काम हेच. ते राहिलं की पाणी जॉइंटमधून थेट बेअरिंगवर उतरतं.

पुलाच्या प्रत्येक भागाचं आयुष्य वेगळं. नवा पूल १०० वर्षांसाठी आखतात. पण रबरी बेअरिंगं साधारण २०-२५ वर्षांत बदलायला येतात, एक्स्पान्शन जॉइंट त्याहून लवकर. म्हणजे शंभरी गाठेपर्यंत तीन-चार वेळा वरचा भाग जॅकवर उचलावा लागणार. हे पूल बांधतानाच ठाऊक असतं. तरी त्यासाठी पैसे बाजूला काढलेले नसतात, कारण बांधकामाला निधी मिळवणं सोपं आणि देखभालीला कठीण.

दुपारी दोन. कार्यालय, जेवण, पाहणीचे तक्ते.

तीन. पुलांच्या नोंदवहीत बांधल्याचं वर्ष आहे, गाळे आहेत, शेवटची दुरुस्ती आहे. ‘नवा केव्हा लागेल’ हा रकाना मी माझ्या वहीत आखून घेतलाय. खाडीपुलासमोर लिहिलेलं साल लांब वाटतं, पण मागून मोजत आलं की ते जवळ येतं. भूसंपादन, वन आणि किनारा नियमनाच्या परवानग्या, जमिनीची भोकं पाडून तपासणी, निविदा, आणि पायाच्या कामाला वर्षातले कोरडे महिनेच. दहा वर्षं आधी सुरुवात केली तरच जुना पूल चालू असताना शेजारी नवा उभा राहील. उशीर झाला की काय होतं ते अंधेरीत दिसलं. गोखले पुलाचा पदपथ जुलै २०१८ मध्ये कोसळला, पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला आणि नव्या पुलाची पहिली बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. मधल्या काळात लाखो लोकांचे हाल झाले.

पाच. खाडीपलीकडच्या गावचे सरपंच येतात. जड वाहनांवर बंदीचा फलक लागणार हे त्यांना कळलंय.

“साहेब, पूल तर चांगला दिसतोय. चिऱ्याचे ट्रक बंद झाले तर लोकांची घरं कशी व्हायची?”

त्यांचा प्रश्न रास्त आहे. मी त्यांना खडूच्या गोलांचे फोटो दाखवतो. ते बराच वेळ बघतात, मग विचारतात, “नवीन पुलाचा ठराव ग्रामसभेत आताच घेऊ का?” मी हो म्हणतो.

साडेसहा. दोन प्रस्ताव वर पाठवले: दुरुस्तीचा एक, नव्या पुलाच्या सर्वेक्षणाचा दुसरा.

तुमच्या गावच्या पुलाचा नारळ फुटतो त्याच दिवशी त्याची बेअरिंगं साधारण कधी बदलायची ते ठरलेलं असतं. ग्रामसभेत ते साल विचारा, आणि त्याचे पैसे कुठल्या वर्षाच्या अंदाजपत्रकात धरलेत हेही विचारा.