पाठीतल्या पाण्यातलं लॅक्टेट

सकाळी ८
इमर्जन्सी लॅबमध्ये पहिलं काम क्यूसीचं, म्हणजे यंत्राच्या गुणवत्ता तपासणीचं. लॅक्टेटचे दोन्ही कंट्रोल रेंजमध्ये आल्याशिवाय पेशंटचा नमुना लावत नाही.

८.४०
कॅज्युअल्टीतून वॉर्डबॉय मामा सीएसएफ, म्हणजे मेंदू आणि मणक्याभोवतीचं पाणी, घेऊन धावत आले. विशीतला मुलगा, कालपासून ताप, मान ताठ, बरळतोय. पाठीतून काढलेलं पाणी नितळ असायला हवं, हे तांदळाच्या धुवणासारखं गढूळ. फ्लोराइड बल्बमध्ये पाठवलंय हे बघून बरं वाटलं. साध्या बल्बमध्ये पांढऱ्या पेशी साखर फोडतच राहतात आणि लॅक्टेट वाटेतच चढतं. फ्लोराइड ते थोपवतं.

निकाल ९.८ मिलिमोल. प्रौढांमध्ये साधारण २.४ पर्यंत असतं. ३.५च्या वर गेलं की बॅक्टेरियल मेनिंजायटिसचा संशय बळावतो, व्हायरलमध्ये ते सहसा खालीच राहतं. लगेच फोन लावला. रेसिडेंट म्हणाला, “मॅडम, ब्लड कल्चर काढून सेफ्ट्रिॲक्सोन आणि डेक्सा आधीच दिलंय.” उत्तम केलं. आमच्या आकड्यासाठी औषध अडता कामा नये.

मुलाचं रक्तातलं लॅक्टेटही वाढलेलं आहे. पण रक्तातलं लॅक्टेट मेंदूच्या पाण्यात सहजी उतरत नाही, त्यामुळे सीएसएफचा आकडा वेगळा वाचता येतो.

१०
मायक्रोबायोलॉजीचा फोन: ग्रॅम स्टेनमध्ये ग्रॅम पॉझिटिव्ह डिप्लोकोकाय. न्यूमोकोकस असणार.

११.१५
मेडिसिन वॉर्डातल्या एका बाईंचा सीएसएफ. लॅक्टेट २.९. “व्हायरल लिहू का?” दुसऱ्या रेसिडेंटचा प्रश्न. मी उलट विचारलं, “बाहेर काही अँटिबायोटिक इंजेक्शनं झालीत?” झाली होती, चार दिवस, खासगी दवाखान्यात. मग २.९ वर विसंबायचं नाही. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. बॅक्टेरियल मेनिंजायटिस पकडण्याची या तपासणीची क्षमता ९३ टक्के निघाली, पण आधी अँटिबायोटिक मिळालेल्यांत ती ४९ वर आली. म्हणजे निम्मे निसटतात. उलट फिट येऊन गेली असेल, स्ट्रोक किंवा मेंदूत रक्तस्राव असेल, तर इन्फेक्शन नसतानाही लॅक्टेट वाढतं. रिक्वेस्ट फॉर्मवर ही माहिती नसते, म्हणून मी प्रत्येक वेळी फोन करते. हा माझा हट्टच आहे आणि तो मी सोडणार नाही. रिपोर्टखाली लिहिलं: ‘आधी अँटिबायोटिक दिलेले, बॅक्टेरियल नाकारता येत नाही.’

दुपारी २.३०
टीबी मेनिंजायटिसच्या पेशंटचा पुन्हा काढलेला नमुना. लॅक्टेट भरती होताना ६.१, आज ५.६. फारसं हललेलं नाही. टीबीत मेंदूच्या तळाच्या रक्तवाहिन्या सुजतात, अरुंद होतात, पुढच्या भागाला रक्त पुरत नाही. ऑक्सिजन नसला की पेशी साखर अर्धवट जाळतात, आणि त्यातून लॅक्टेट साचतं. म्हणून हा आकडा जंतूंइतकाच मेंदूच्या उपासमारीबद्दलही बोलतो. तो चढाच राहिला तर धोका जास्त, भराभर उतरला तर आशा जास्त.

खिडकीशी पेशंटचे वडील. “मॅडम, पाण्याचा रिपोर्ट चांगला आहे ना?” आकडा पुष्कळ पेशंटांचा कल सांगतो, त्यांच्या मुलाचं काय होईल ते नाही. खिडकीतून तो हातात द्यायला मन धजत नाही. “काका, वॉर्डातले डॉक्टर समजावून सांगतील, चला, मी येते बरोबर.” गोळ्या तर महिनोन्महिने चालूच राहणार आहेत.

५
चार्ज देताना रजिस्टरात लिहिलं: मेडिसिन वॉर्डातल्या बाईंचं एलपी, म्हणजे पाठीतून पाणी काढणं, उद्या पुन्हा. फ्लोराइड बल्ब वॉर्डात पाठवला आहे, नमुना आला की आधी तोच लावा.