हिरण्यकाचे दात आणि शिकागोचं चॉकलेट

धान कापून घरी आलं की त्याच्या मागोमाग उंदीरही घरी येतात, हे लाखनीत कोणाला सांगावं लागत नाही. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सगळे आजीकडे जमलो होतो आणि धानाच्या पोत्यांमागून रात्रभर कुरकुर चालायची. शेवटी आजीनं माळ्यावरचा तारेचा पिंजरा काढला, आकड्याला कांद्याचं भजं टोचलं आणि दिवा मालवला. अर्ध्या तासात आवाज आला, खट्ट!

सकाळी पिंजऱ्याभोवती पोरांची जत्रा. उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसलेला. मिशा सारख्या थरथरत होत्या, भजं तसंच पडलेलं. कोणी काडी शोधत होतं, कोणी ‘चावेल, चावेल’ म्हणून ओरडत होतं. तेवढ्यात चौथीतल्या माझ्या भाचीनं विचारलं, “मामा, याचा दोस्त याला सोडवायला येईल का? गोष्टीतला हिरण्यक आला होता तसा?”

आजी हसली. “उंदराले सोडवाले कोन येते बापा? जो तो आपल्या पोटाच्या मागं!”

मी मान डोलावणारच होतो, पण आठवलं. अगदी हाच प्रश्न शिकागो विद्यापीठातल्या तीन शास्त्रज्ञांनीही विचारला होता, आणि तोही थेट उंदरांनाच.

आधी गोष्ट. तुम्हाला माहीत असेलच, तरी पंचतंत्राची गोष्ट पुन्हा सांगण्यात जी मजा आहे ती काही औरच. पारध्यानं दाणे टाकून जाळं पसरलं आणि चित्रग्रीव नावाचा कबुतरांचा राजा आपल्या थव्यासकट त्यात सापडला. सगळ्यांनी एकदम पंख मारले आणि जाळ्यासकट उडून थेट हिरण्यक उंदराच्या बिळाशी उतरले. हिरण्यक धावत आला आणि राजाचा पाश कुरतडायला लागला. राजा म्हणाला, थांब, आधी माझ्या सोबत्यांना सोडव. माझ्यापासून सुरुवात केलीस आणि मध्येच तुझे दात दुखायला लागले तर यांचं काय? मला या गोष्टीतली ही जागा सगळ्यात आवडते.

(राजाची काळजी मात्र थोडी फुकटच होती. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतच राहतात. दातांची पुढची बाजू टणक आणि मागची मऊ असते. त्यामुळे कुरतडताना मागची बाजू जास्त झिजते आणि दाताला पटाशीसारखी धार येते. धार लावण्याचं दुकान तोंडातच!)

“पण मामा, कबुतरं जाळं उचलतील?” भाचा सातवीत आहे, त्याला सगळं मोजून लागतं. मग बसलो हिशेब करायला. १९०७ च्या सुमारास जर्मनीत युलियुस नॉयब्रॉनर नावाचे एक औषधविक्रेते होते. त्यांनी कबुतरांच्या छातीला इवलासा कॅमेरा बांधून आकाशातून फोटो काढले होते. कबुतराला फार तर ७५ ग्रॅम वजन झेपतं, असा त्यांचा अनुभव. म्हणजे ४० कबुतरं मिळून ३ किलो. आपल्या तलावावर ढिवरकाका फेकतात ते शिशाच्या मण्यांचं जाळं याहून भारी भरायचं. पण पाखरं धरायचं बारीक सुताचं जाळं? वजनाच्या हिशेबात तरी बसतं. अट एकच, सगळ्यांनी एकाच दिशेला उडायचं! ते आमच्याकडच्या पोरांना जमलं नसतं.

आता शिकागो. इनबल बेन-अमी बार्ताल, जीन डेसेटी आणि पेगी मेसन यांचा हा प्रयोग २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आला. त्यांनी दोन उंदीर दोन आठवडे एकाच पिंजऱ्यात ठेवले, म्हणजे त्यांची ओळख झाली. मग एकाला पारदर्शक नळीत कोंडलं. नळीचं दार उघडायचं ते बाहेरूनच. दुसरा उंदीर मोकळा. दार कसं उघडायचं हे त्याला कोणीच शिकवलं नाही, आणि उघडल्याबद्दल खाऊही ठेवला नव्हता.

मोकळा उंदीर नळीभोवती चकरा मारू लागला. वास घ्यायचा, नळी चावायचा, आतल्याला फटीतून मिशा लावायचा. रोज तासभर हे चालायचं. साधारण आठवडाभरात एक दिवस त्याच्या नाकाच्या धक्क्यानं दार कोसळलं, आणि तो स्वतःच दचकून जागीच थिजला. पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पठ्ठ्या सोडताक्षणी सरळ दाराशी! ३० पैकी २३ उंदीर दार उघडायला शिकले. नळी रिकामी ठेवली किंवा आत खेळण्यातला उंदीर ठेवला, की मात्र दाराकडे फारसं कोणी फिरकत नव्हतं.

मग शास्त्रज्ञांनी खरी खोडी काढली. एका नळीत सोबती आणि दुसऱ्या नळीत चॉकलेटचे पाच तुकडे. दोन्ही दारं उघडता येतात, आधी कोणतं उघडणार? घाई न करता सांगा. उंदीर चॉकलेटसाठी जीव टाकतात, आणि आधी तिकडचं दार उघडून सगळं एकट्यानं फस्त करायला त्यांना कोणाची आडकाठी नव्हती. पण बहुतेकांनी दोन्ही दारं उघडली, आणि सोबत्यासाठी साधारण दीड तुकडा उरला.

“दीड?” भाचा म्हणाला. दीड म्हणजे सरासरी. कोणी जास्त ठेवले, कोणी कमी. तुम्ही किती ठेवले असते ते मी विचारत नाही.

आजीला हे पटलं नाही. “त्याले एकट्याले करमत नसन, म्हनून सोडवलं असन.” आणि गंमत अशी, की काही शास्त्रज्ञांनीही जवळपास हीच शंका घेतली होती. उंदराला कळवळा येतो, की नुसती सोबत हवी असते? यावर अजून वाद चालतात. २०१६ साली बेन-अमी बार्ताल आणि सहकाऱ्यांनी मोकळ्या उंदराला घबराट कमी करणारं औषध दिलं. तो निवांत झाला, चॉकलेटचं दार झटक्यात उघडलं. सोबत्याचं दार मात्र तसंच राहिलं. म्हणजे आतला घाबरतो, ती घबराट बाहेरच्याला लागते आणि ती थांबवायला तो धडपडतो, असं दिसतं. शेजारचं बाळ रडलं की आपलंही बाळ रडायला लागतं ना, त्याचाच हा भाऊ.

पण पंचतंत्रातल्या गोष्टीत नुसते उंदीर नाहीत. लघुपतनक कावळा आहे, मंथरक कासव आहे, आणि शेवटी येतं चित्रांग हरिण. चित्रांग म्हणजे ज्याच्या अंगावर चित्रं आहेत, ठिपके आहेत ते. आपण चितळ म्हणतो तो शब्दही या ‘चित्र’ वरूनच आला. आणि चितळाचा एक जानी दोस्त पाहायला लाखनीहून फार लांब जावं लागत नाही. साकोलीच्या पुढे नागझिऱ्याचं जंगल आहे. १९७० साली ते अभयारण्य झालं आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे.

उन्हाळ्यात मोहाच्या झाडावर काळतोंडी वानरं बसतात. त्यांच्यासारखं उधळं खाणारं कोणी नसेल. एक फूल खातात, चार खाली टाकतात, कोवळी डहाळी मोडून एक घास घेतात आणि उरलेली फेकून देतात. खाली चितळांची पंगत बसलेली असतेच. पॉल न्यूटन नावाच्या संशोधकानं शेजारच्या मध्य प्रदेशात कान्हाच्या जंगलात हे बारकाईनं पाहिलं. बहुतेक वेळा चितळंच वानरांच्या झाडाखाली येतात. आणि वानराला उंचावरून वाघ दिसला की ते ‘खॅक्, खॅक्’ करून खोकल्यासारखं ओरडतं. चितळ लगेच शेपटी वर करून ताठ उभं. उलट, गवतात दबलेल्या वाघाचा वास चितळाच्या नाकाला आधी लागतो. मग ते ‘टॉव्’ करतं आणि वानरं शेंड्यावर. जंगलातले गाइड वाघ शोधायला डोळ्यांपेक्षा कानच जास्त वापरतात, ते याच आवाजांसाठी.

“म्हणजे मदत आपल्या जातीला, नाहीतर फायदा असेल तर,” भाचा म्हणाला. तो मोठा होऊन वकील होणार.

थांब, म्हटलं, एक राहिलं. २०१४ साली त्याच शिकागोच्या मंडळींनी पांढरे उंदीर आणि पाठीवर काळा पट्टा असलेले उंदीर घेतले. पांढऱ्यानं कधी न पाहिलेल्या काळ्या पट्टेवाल्याला नळीत कोंडलं. पांढऱ्यानं दार उघडलं नाही. मग पांढऱ्याला दोन आठवडे एका काळ्या पट्टेवाल्यासोबत राहायला दिलं. त्यानंतर तो दुसऱ्याही, अगदी अनोळखी काळ्या पट्टेवाल्याला सोडवू लागला! आता ऐक याहून नवल. काही पांढरी पिल्लं जन्मल्याबरोबर काळ्या पट्टेवाल्या आईच्या कुशीत वाढवली होती. त्यांनी पांढरा उंदीर कधी पाहिलाच नव्हता. ती मोठी झाल्यावर काळ्या पट्टेवाल्या अनोळख्याला सोडवायची, आणि स्वतःच्याच रंगाच्या पांढऱ्याला नाही.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्यांच्या पिंजऱ्यात आरसा नव्हता ना. आपण पांढरे आहोत हे त्यांना माहीतच नसेल.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पिंजरा उचलला आणि आम्ही वरात काढल्यासारखे बांधीकडे निघालो. धान कापलेल्या जागी ओलाव्यावर लाखोळीची हिरवी पालवी दिसायला लागली होती. धुऱ्यावर पिंजरा आडवा ठेवून दार वर केलं. उंदीर क्षणभर तसाच बसला. मग भजं तोंडात धरलं आणि सुर्रकन गवतात. आजी घराच्या दारातूनच ओरडली, “सोडला का? आता दहा घेऊन येईल!”

त्या रात्री पिंजरा पुन्हा लावला. पुन्हा खट्ट. सकाळी पाहतो तर आत दुसराच उंदीर, याच्या कानाला चीर होती. “पाहा, तो दोस्ताला शोधायला आला होता!” भाची नाचायला लागली.

आजीनं पिंजऱ्यात वाकून पाहिलं. आकड्याला फक्त तेलाचा डाग उरला होता.