गाडीच्या चाकाला मुलामा कोणता? माल पाहून ठरवा



शेतमाल बाजारात न्यायला आता गावोगावी पिकअप आणि छोटे ट्रक झाले आहेत. काही घरांत जीपसारखी मोठी गाडीही असते. दोन-तीन पावसाळे गेले की चाकांच्या डिस्क गंजू लागतात. मग गॅरेजवर प्रश्न येतो : साधा रंग मारायचा, पावडर कोटिंग करायचे, की चकचकीत डिस्क बसवायच्या? पुष्कळदा शेजारच्याच्या गाडीकडे पाहून निर्णय होतो. खरे म्हणजे तो आपण गाडीत काय भरतो, त्यावरून व्हायला हवा. शिवाय मुलामा कोणताही द्या, नट बसतात ती जागा बिनरंगाची राहिली पाहिजे. या दोन्ही गोष्टींची कारणे समजून घेऊ.

चाक कशाने खराब होते?

लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतो. त्यात क्षार मिसळला की काम झपाट्याने होते. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पालाशाबरोबर जवळजवळ निम्मे वजन क्लोराइडचे असते. मिठात असते तेच हे क्लोराइड. युरिया हवेतला ओलावा ओढून घेतो, म्हणून सांडलेल्या खताखाली डिस्क सतत ओली राहते. किनाऱ्याकडे खारी हवा आणि मासळीच्या बर्फाचे पाणी हेच काम करते.

द्राक्ष-डाळिंबवाल्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक आहे. बोर्डो मिश्रण झाले की आपण त्यात लोखंडी विळा बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर आला तर अजून चुना हवा, असे समजतो. तो थर मोरचुदातल्या तांब्याचा असतो, आणि तांबे चढते तेव्हा त्या बदल्यात लोखंड विरघळते. मोरचुदाचे पाणी उघड्या डिस्कवर सांडले की हेच घडते. ॲल्युमिनियमच्या अलॉय डिस्कलाही ते सोडत नाही. त्यातून अलॉयला चुना, सिमेंट आणि राख यांचे ओले पाणीही बाधते.

मुलाम्याचे प्रकार

१. प्रायमर आणि तेलरंग : लोखंडी डिस्कसाठी स्वस्त आणि सोयीचा. खडीचा मार बसून टवका उडाला, तर तेवढीच जागा घासून घरच्या घरी डागडुजी करता येते.

२. पावडर कोटिंग : कोरडी रंगाची पूड विजेच्या भाराने चिकटवून साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला भट्टीत भाजतात. थर जाड आणि टणक होतो. पण टवका उडाल्यावर पाणी थराखाली शिरते आणि गंज आतल्या आत पसरतो. घरी नीट दुरुस्ती होत नाही.

३. क्रोम : निकलच्या थरावर क्रोमचा अगदी पातळ थर असतो. त्यातल्या बारीक भेगांतून क्षाराचे पाणी आत गेले की पापुद्रे सुटतात. त्यांच्या धारेने हात कापतो.

४. घासून चमकवलेले अलॉय : चमक उघड्या धातूची असते, वर फक्त पारदर्शक लाखेचा थर. त्याला ओरखडा गेला की खाली पांढरट नागमोडी रेघा पसरतात. पुन्हा चमक आणायची तर कातून धातूच कमी करावा लागतो, आणि तसे फार वेळा करता येत नाही.

निवड कशी करावी?

खत, मोरचूद, शेणखत, मासळी किंवा वाळू-सिमेंट वाहणाऱ्या गाडीला लोखंडी डिस्क आणि तेलरंगच बरा. खराब झाला तर दिसतो आणि लगेच सुधारता येतो. भाजीपाला, फळे किंवा दूध डांबरी रस्त्यावरून नेत असाल, तर पावडर कोटिंग चालेल. मात्र ते जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावे. घरची गाडी बहुतेक रस्त्यावरच चालत असेल, तर कंपनीचे रंगवलेले अलॉय ठीक आहेत. क्रोम आणि उघडी चमक शेताच्या गाडीला नको.

रंग शक्यतो चंदेरी किंवा फिकट घ्यावा. काळ्या रंगावर चिखल दिसत नाही, हे खरे. पण गंजाचा ओघळ आणि बारीक चीरही दिसत नाही, हा त्याचा दोष.

रंग देण्याची रीत

काम पावसाळ्यापूर्वी, कोरड्या हवेत करावे. गाडी सपाट जागी नीट टेकवावी. चाक उतरवून टायरमधली हवा पूर्ण सोडावी आणि टायर काढून घ्यावे. डिस्क धुवावी, तारेच्या ब्रशने व पॉलिश पेपरने गंज काढावा, थिनरने तेलकटपणा पुसावा. त्याच दिवशी प्रायमर लावावा. तो वाळल्यावर रंगाचे दोन पातळ हात द्यावेत. टायरची कड बसते तिथे थर गुळगुळीत असावा, नाहीतर ट्यूबलेस टायरमधून हवा झिरपते.

रंग देण्यापूर्वी भोकांभोवती नीट पाहा. चीर असेल, भोक लांबट झाले असेल किंवा गंजाने पत्रा पातळ झाला असेल, तर ती डिस्क बाद करा. तिला वेल्डिंग करून वरून रंग मारला, तर दोष फक्त झाकला जातो. आणि टायर चढवलेले असताना डिस्कला वेल्डिंग किंवा गॅसची ज्योत कधीही लावू देऊ नका, हवा सोडलेली असली तरी! आत तापलेल्या रबराचा वायू होऊन टायर फुटते आणि माणूस दगावतो.

नटाची जागा बिनरंगाची का?

नट आवळला की बोल्ट केसाएवढा ताणला जातो. त्या ताणानेच डिस्क हबला घट्ट धरून राहते. मध्ये रंगाचा जाड थर असेल, तर भाराने आणि ब्रेकच्या उष्णतेने तो दबतो, त्याचा भुगा होतो. थर गेला की ताण सैल पडतो आणि नट ढिला होतो. पुढे भोक झिजते, बोल्ट तुटतो आणि भरल्या गाडीचे चाक निखळते. म्हणून रंगापूर्वी दोन जागा कागदी चिकटपट्टीने झाका : नट टेकतो ती, आणि डिस्क हबला टेकते ती. पावडर कोटिंगवाल्याला हे आधीच सांगा. त्याच्या भट्टीत ही पट्टी टिकत नाही, तो वेगळी झाकणे वापरतो. जुना थर साचला असेल तर घासून काढा.

चाक बसवताना नट समोरासमोरचे आवळावेत, गोलाकार क्रमाने नव्हे. किती आवळायचे ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा तपासावेत.

रोजची सवय

खत किंवा मोरचूद वाहिले की त्याच दिवशी डिस्क आतून-बाहेरून साध्या पाण्याने धुवा. सोडा किंवा तेजाब वापरू नका. सकाळी गाडी काढण्यापूर्वी चारी चाकांच्या नटांकडे एक नजर टाका. नटापासून तांबूस ओघळ निघालेला दिसला, तर नट ढिला असल्याची किंवा चीर पडल्याची ती खूण समजा. तपासून घेतल्याशिवाय माल भरू नका, आणि मागे माणसे तर मुळीच बसवू नका.

हे पत्रक गाडी चालवणाऱ्या मुलालाही वाचायला द्या.