सोंडकिड्याने मोकळं केलेलं धरण

मध्य प्रदेशातल्या बेतूल जिल्ह्यात, सारणीच्या सातपुडा धरणाचं पाणी साल्विनिया मोलेस्टाने झाकून टाकलं होतं. आग्नेय ब्राझीलचं हे तरंगतं नेचं. पानांवरच्या केसांची टोकं एकमेकांना जुळलेली, त्यामुळे पान भिजतच नाही.

याला बी नाही, रुजणारे बीजाणूही नाहीत; तुटलेल्या तुकड्यातूनच ते पसरतं. म्हणून इथे रत्नागिरीतही कुणी मत्स्यटाकीतल्या अशा वनस्पती तळ्यात किंवा पऱ्ह्यात मुळीच टाकू नयेत. थर जाडावला की पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात.

उपाय ब्राझीलमध्येच सापडला: जेमतेम दोन मिलिमीटरचा सोंडकिडा. तो १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात आणि १९८३ मध्ये केरळात सोडला गेला. सारणीत जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाने २०२२ मध्ये तो आणला. प्रौढ किडा कोंब खातो, अळी खोड पोखरते. साधारण दीड वर्षात पाणी मोकळं झालं, तेही तणनाशकाविना.