तंबूपासून सदनापर्यंत

वाचकहो, आपल्या गावी चर्चच्या आवारात तरुणांसाठी नवी इमारत उठत असेल, तर भिंती किती चढल्या हे आपण येता-जाता पाहत असाल. रायपूरजवळचे अभनपूर ज्या जुन्या मध्यप्रांतात मोडत असे, त्या प्रांताचे अशाच एका बांधकामाशी नाते आहे. ते बांधकाम मात्र पुणे जिल्ह्यातील केडगावी झाले.

१८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्यप्रांतात हिंडल्या आणि शेकडो निराधार मुली व बालविधवा यांना घेऊन परतल्या. पुण्यात त्या वेळी प्लेगची साथ होती. शारदासदनात इतक्या जणींना ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. केडगावी रमाबाईंनी जमीन घेतलेली होती, पण ती फळबागेसाठी! बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, एवढाच मूळ हेतू. त्या जागी आता तंबू पडले. कापडाच्या छपराखाली शेकडो मुली आणि डोक्यावर पावसाळ्याची चिंता. ही काळजी काय असते, ते ज्याच्या घराचे छप्पर अर्धवट राहिले आहे त्यालाच विचारावे.

१८९८ च्या सप्टेंबरात ‘मुक्तिसदन’ उघडले. चर्चचा पाया घातला गेला तो त्यानंतर, १८९९ मध्ये. हा क्रम आपण ध्यानात घ्यावा: आधी निजायला छप्पर, मग प्रार्थनामंदिर. पुढे तेथेच मुली शेती, विणकाम आणि छापखान्याचे काम शिकल्या. रमाबाईंनी बायबलचे जे मराठी भाषांतर केले, त्याचे खिळे याच आश्रमातील मुलींनी जुळवले.