फूल लागले, पण फळ का धरत नाही?

वेलाला फुले लागली की घरात आनंद होतो आणि ती गळू लागली की काळजी. त्या काळजीपोटी माणूस दुकानात जातो आणि औषधाची आणखी एक बाटली घेऊन येतो. आधी फूल उघडून पाहावे, असे फार थोड्यांच्या मनात येते. एकेकाळी माझ्याही आले नव्हते. ती गोष्ट आधी सांगतो.

नोकरीच्या सुरुवातीला मी खटाव तालुक्यात होतो. ऊन उतरल्यावर, संध्याकाळीच फवारणी करा, म्हणजे मधमाश्या वाचतात, असे मी प्रत्येक सभेत सांगत असे. एका वस्तीवर दहा गुंठे दोडका होता. बाजाराला तेवढाच आधार. मुलीची फी त्यातूनच भरायची होती. घरधनीण म्हणाली, "सायेब, फुलं ढिगानं लागत्यात, पर दोडका धरंना. तुम्ही सांगितल्यावानी सांजचीच फवारणी केलीया."

मी खताचे विचारले, पाण्याचे विचारले. सगळे ठीक होते. शेवटी दिवस मावळेपर्यंत मांडवाखाली बसून राहिलो, तेव्हा चूक उमगली, आणि ती माझीच होती. दोडक्याचे फूल सकाळी उमलत नाही. ते संध्याकाळी पाचनंतर उमलते. नेमका त्याच वेळी पंप सुरू होत होता.

हे समजायला फूल आतून पाहावे लागते. परसातल्या दोडक्याच्या वेलाची दोन फुले तोडा आणि मुलांनाही जवळ बोलवा. घोसाने येतात ती नर फुले. त्यांच्या मध्यभागी बोट लावले की पिवळी भुकटी लागते, ते परागकण. मादी फूल एकटे येते आणि पाकळ्यांच्या खाली त्याला बोटभर दोडका आधीच असतो, शिरांसकट. लोकांना वाटते, फळ धरले. पण तो नुसता अंडाशय आहे. ब्लेडने उभा कापा, आत पांढरी बारीक बीजांडे ओळीने दिसतील. वरच्या टोकाला चिकट भाग आहे, त्याला कुक्षी म्हणतात. परागकण तिथे चिकटला की त्यातून बारीक नळी निघते, खाली उतरते आणि बीजांडाला जाऊन मिळते. तेव्हा बी तयार होऊ लागते, आणि बी वाढू लागले तरच फळ फुगते. ही भेट झाली नाही तर तो बोटभर दोडका दोन-चार दिवसांत पिवळा पडून गळतो. अर्धवट झाली तर फळ वाकडे होते किंवा एका टोकाला बारीक राहते. अर्थात फळमाशीनेही फळ वाकडे होते, तेव्हा डंखाची खूण आधी पाहावी.

वेलवर्गाचे पराग जड आणि चिकट असतात, वाऱ्याने उडत नाहीत. ते नेण्याचे काम पतंग आणि मधमाश्यांचे. फूल उमलताना त्यावर औषधाचे पाणी पडले की पराग भिजून निकामी होतात आणि किडेही फिरकत नाहीत.

आता वेळा ध्यानात घ्या. दोडका, दुधी भोपळा आणि पडवळ संध्याकाळी उमलतात. काकडी, कारली, लाल भोपळा आणि घोसाळी पहाटे-सकाळी उमलतात. म्हणून काकडीला संध्याकाळची फवारणी चालते, दोडक्याला नाही. आणि वेलावर पहिल्यांदा येणारी फुले बहुतेक नरच असतात. ती गळणारच. त्यासाठी एक पैसाही खर्च करू नये. मात्र युरिया जास्त झाला तर वेल नुसता माजतो आणि मादी फुले कमी येतात.

त्या वस्तीवर फवारणी आम्ही सकाळवर आणली. वहिनी आणि त्यांची मुलगी रोज तिन्हीसांजेला नर फूल तोडून, पाकळ्या काढून, ते मादी फुलाच्या कुक्षीवर अलगद टेकवू लागल्या. दुसऱ्या आठवड्यात फळ धरू लागले. आधीच्या तीन आठवड्यांची फुले मात्र गेली ती गेलीच, आणि त्या वर्षी फीचे पैसे उसने घ्यावे लागले. सभेत सरसकट सल्ला देण्याची माझी सवय तिथे मोडली.

मक्याची तऱ्हा वेगळी. तिथे वाऱ्यावर काम भागते. शेंड्याचा तुरा नर, कणीस मादी. कणसाचा एकेक केस एकेका दाण्याचा असतो. ज्या केसाला पराग मिळाला नाही, त्याचा दाणा भरत नाही. म्हणून तुरा आणि केस यायच्या दिवसांत पाण्याचा ताण पडू देऊ नये.

आटपाडी, जत, माण भागातील डाळिंबवाल्यांचाही हाच प्रश्न असतो: साहेब, फूलगळ थांबवा. आधी गळालेली फुले ओंजळीत घेऊन पाहा. ज्याचा तळ घड्यासारखा फुगीर, ते फळ धरणारे फूल. ज्याचा तळ निमुळता आणि आकार घंटेसारखा, ते नर फूल. ओंजळीत घंटाच जास्त असतील तर झाड नेहमीसारखे चालले आहे. फुगीर तळाची फुले गळू लागली, तर मग पाणी, अन्नद्रव्ये आणि मधमाश्या यांचा विचार करायचा.

तासगावकडे द्राक्षात आणखी गंमत आहे. फुलाच्या पाकळ्या टोपीसारख्या एकत्र गळून पडतात आणि पराग जागच्या जागी मिळतो. थॉमसन सीडलेसमध्ये बी धरतेही, पण ते लहानपणीच मरते. फळ फुगवणारी संप्रेरके बीच पुरवत असते. ते नाही म्हणून मणी बारीक राहतो, आणि म्हणून आपण घड जिब्रेलिक आम्लात बुडवतो. तासगाव तालुक्यातच निवडलेले तास-ए-गणेश हे वाण याच थॉमसनमधून आलेले.

सांगलीच्या हळदीला फूल सुरेख येते, पण सहसा बी धरत नाही. तिच्या पेशीत गुणसूत्रांचे तीन संच असतात, ते जोडीने वाटले जात नाहीत. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या आपण गड्डेच लावत आलो. एका शिवारातला रोग दुसऱ्या शिवारात जातो तोही याच गड्ड्यांतून. तेव्हा यंदा बेणे घेताना कंदकुज नसलेल्या रानातलेच घ्या, आणि ते रान उभे पीक असतानाच एकदा पाहून ठेवा.