जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतरची सूज मोजायची कशी?

मागच्या भागात आपण जबडा पुढे-मागे सरकवण्याची शस्त्रक्रिया पाहिली. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी बहुतेक सुजेबद्दलचे होते. एका आईने लिहिलंय, "तिसऱ्या दिवशी लेकीचा चेहरा पहिल्या दिवसापेक्षा जास्त फुगलाय. काही चुकलं तर नाही ना?"

बहुतेक वेळा नाही. ही सूज दोन-तीन दिवस चढते आणि मग उतरायला लागते. पण "जास्त फुगलाय" म्हणजे नेमका किती, हे सांगणं डॉक्टरांनाही सोपं नसतं. आज तेच समजून घेऊ.

सगळ्यात जुनं आणि स्वस्त साधन म्हणजे शिंप्याकडे असते तशी मऊ टेप. कानाच्या भोकापुढे जो छोटा उंचवटा असतो, तिथून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत एक माप. तिथूनच हनुवटीच्या टोकापर्यंत दुसरं. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या मागच्या कोनापर्यंत तिसरं. दोन्ही बाजूंनी मोजायचं, बेरीज करायची आणि पुढच्या वेळी तुलना करायची. अक्कलदाढ काढल्यावरची सूज अजूनही अनेक ठिकाणी अशीच मोजतात. अडचण एवढीच की टेप जरा ओढून धरली की माप बदलतं. शिवाय टेप रेषा मोजते, आणि सूज तर गाल भरून पसरलेली असते.

म्हणून आता त्रिमिती छायाचित्रं वापरतात. वेगवेगळ्या कोनांतून अनेक कॅमेरे एकाच क्षणी फोटो घेतात आणि संगणक त्यातून चेहऱ्याचा उंचसखल पृष्ठभाग उभा करतो. सीटी स्कॅनसारखे क्ष-किरण यात नसतात, त्यामुळे फोटो कितीही वेळा काढता येतो. मग दोन तारखांचे दोन चेहरे एकमेकांवर ठेवायचे. जुळवताना कपाळ आणि नाकाचं मूळ धरायचं, कारण तिथे शस्त्रक्रियेचा हात पोचलेला नसतो. दोन पृष्ठभागांमध्ये जी जागा उरते, ती झाली सूज. तिचं उत्तर मिलिलिटरमध्ये येतं.

इथपर्यंत सरळ आहे. खरी गोम पुढे आहे. वजाबाकी करायची, पण कशातून?

अक्कलदाढेच्या वेळी आधीचा चेहरा हाच शून्य मानता येतो. इथे मात्र हाडच हललेलं आहे! खालचा जबडा सहा मिलिमीटर पुढे आणला असेल, तर संगणक ते सहा मिलिमीटरही सूज म्हणूनच मोजेल. उलट जबडा मागे नेला असेल, तर खरी सूज झाकली जाईल. जुना चेहरा आता परत येणारच नाही, मग त्याच्याशी तुलना करून काय मिळणार? म्हणून अभ्यासक उलटं चालतात. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने, सगळं स्थिरावल्यावरचा चेहरा हा शून्य धरतात आणि मागे येत येत सूज काढतात. म्हणजे तिसऱ्या दिवशी किती सूज होती, याचा पक्का आकडा कित्येक महिन्यांनी हाती येतो. मला यातली ही गोष्ट सगळ्यात गमतीची वाटते.

त्यातही वजन आडवं येतं. कित्येक आठवडे पेज, सूप, पातळ खिचडी यांवर काढले की माणूस बारीक होतो, गालही उतरतात. ती सूज उतरली की चरबी? म्हणून फोटोबरोबर वजनाचीही नोंद हवी. दर वेळी दात मिटलेले आणि ओठ सैल हवेत, कारण नुसतं हसू आलं तरी गालाचा आकार बदलतो.

एवढा खटाटोप कशासाठी? स्टेरॉइडचं इंजेक्शन किंवा गार शेक यांपैकी कशाने सूज खरोखर कमी होते, हे ठरवायचं तर माप चोख लागतं.

मोजमापांतून साधारण असं दिसतं की निम्मी किंवा त्याहून जास्त सूज पहिल्या तीन-चार आठवड्यांत उतरते. उरलेली मात्र महिनोन्‌महिने रेंगाळते. आणखी एक लक्षात ठेवा. खालच्या जबड्याच्या शस्त्रक्रियेनंतर ओठ-हनुवटी बधिर असते, आणि बधिर ओठ आहे त्याहून मोठा वाटतो. दाताच्या इंजेक्शननंतर तुम्ही हे अनुभवलं असेल. त्यामुळे वाटणारी सूज आणि मोजलेली सूज जुळेलच असं नाही.

घरी टेपच्या भानगडीत पडू नका. आठवड्यातून एकदा, त्याच खिडकीपाशी, तेवढ्याच अंतरावरून फोटो काढा. उतरलेली सूज पुन्हा एका बाजूने चढू लागली, ताप आला किंवा पू दिसला, तर लगेच सर्जनला दाखवा. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास झाला, तर फोन करत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

जाता जाता इंदूरच्या एका ताईंचा प्रश्न. शस्त्रक्रियेनंतर दीड महिन्याने साखरपुडा ठेवला तर चालेल का? ताई, पाहुण्यांच्या सहसा लक्षात येणार नाही, तुमच्या मात्र येईल. चकली-लाडूला हात लावण्याआधी सर्जनला विचारा.